हलवायचा राहिलेला फिंजान

त्या शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर मी आणि माझा जावई ऑस्कर लोणच्याची बरणी घेऊन निघालो. बरणी जैनबसाठी होती. इकडे आखातात, फुजैरा शहरातल्या तिच्या घरी मी बावीस वर्षं स्वयंपाक केला, तिची चार मुलं वाढवली. नवरा गेल्यावर ती डोंगरातल्या आपल्या गावी परतली. कैरीचं लोणचं तिला माझ्याच हातचं लागतं. माझी मुलगी मरिसा म्हणाली, "मम्मी, या वयात, एवढ्या उन्हात?" मी म्हटलं, वय माझं आहे, आणि ऊन सगळ्यांनाच आहे.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तुम्ही गाडी काढून निघाल.

फुजैरा मागे पडलं की दगडखाणी लागतात, आणि मग नुसते डोंगर. झाड नाही, गवत नाही, करपलेल्या भाकरीचा रंग. मधून वादी जाते, म्हणजे नदीचं कोरडं पात्र. पाऊस क्वचित पडतो, पण पडला की ट्रकसुद्धा वाहून नेतो. वादीच्या काठाला सरकारने बांधलेली पंधरा एकसारखी घरं, एक मशीद, एका मल्याळी माणसाचं दुकान, पाण्याची टाकी, आणि माणसांपेक्षा जास्त शेळ्या. हे नवं गाव. जुनं गाव वर खडकात होतं. अकरा वर्षांपूर्वी पूर आला, तेव्हा ते सोडून सगळे खाली आले. वर मी कधी गेले नव्हते.

फाट्यावर मी म्हटलं, "डावीकडे घे."

"मॅप उजवीकडे दाखवतोय, मम्मी."

"मॅप कधी जैनबच्या घरी जेवलाय का?"

"हो, तुम्हाला सगळंच माहीत असतं," तो हसला आणि उजवीकडे वळला.

ऑस्कर वाईट माणूस नाही. पोर्टवर दिवसभर राबतो आणि घरी येऊन भांडीही घासतो. पण ते हसणं मला लागलं.

रस्ता चढत गेला, आणि संपला तिथे फोनची रेंजही संपली. गाडीच्या घड्याळात अडीच वाजले होते. समोर बोराचं मोठं झाड, त्याखाली चटई, आणि चटईवर एक म्हातारी. नाकावर इकडच्या जुन्या बायका बांधतात तसा सोनेरी चकाकीचा, मुखवट्यासारखा बुरखा. जवळ निखाऱ्यावर कॉफीची पितळी किटली. वेलचीचा आणि जळत्या लाकडाचा वास येत होता. कुठेतरी पाटाचं पाणी खळखळत होतं. त्याखेरीज काहीही नाही. कावळाही नाही.

"तफद्दलू," तिने हात पुढे केला. या, बसा. अशा हाताला नाही म्हणायचं नसतं.

इथे कॉफी फिंजानात देतात. बिनकानाची वाटी, त्यात चार घोट मावतात. धरायचा उजव्या हातात. रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो, पुन्हा भरतो. पुरे झालं की फिंजान मनगटातून हलका हलवायचा आणि त्याच्या हातात परत द्यायचा. हलवला नाही तर तो ओततच राहतो, कारण पाहुण्याची तहान अजून बाकी आहे. हे मी जैनबच्या चुलीपाशी शिकले, तिथेच अरबीही शिकले.

मी दोन फिंजान प्याले, हलवला, परत दिला. ऑस्करचा पाचवा चालू होता. त्याने आपल्याकडच्यासारखा फिंजानावर तळवा धरला. म्हातारी तळवा निघेपर्यंत थांबली आणि मग ओतलं.

"मम्मी," तो पुटपुटला, "ही थांबणार कशी?"

मला सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "मॅपला विचार."

नवव्यानंतर मला दिसलं की ऑस्करला घाम येत नाहीये. त्या उन्हात. आणि एवढीशी किटली, ती काही रिती होत नव्हती...

"बस, शुक्रान," म्हणत तो एकदम उठला. भरलेला फिंजान तसाच चटईवर ठेवला. म्हातारीने तो घेतला नाही. गाडी वळवताना मी आरशात पाहिलं. ती किटली तिरकी धरून तशीच बसली होती.

खालच्या गावात जैनबने बरणी उघडून वास घेतला. मी वरच्या म्हातारीचं सांगितलं आणि तिचा हात थांबला.

"वर कुणी राहत नाही, मिल्ड्रेड."

"मी तिच्या हातची कॉफी प्याले. बुरख्याला डावीकडे लाल टाका होता."

जैनबने बरणी खाली ठेवली. मग म्हणाली, "सुमैय्या. पुराच्या दिवशी तिचा पाहुणा कॉफी अर्धी टाकून उठला. गाडी काढतो म्हणाला. वादीने नेला. ती फिंजान घेऊन मागे धावली होती... तू हलवलास ना?"

"हलवला."

"आणि याने?"

मी बरणीचं झाकण लावलं. त्या दिवशी जैनबने आम्हाला कॉफी विचारली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून ऑस्करचे कप रिकामे होईनात. चहा संपवून ठेवला, पुन्हा पाहिलं की भरलेला. आधी तो हसला. मग त्याचं जेवण सुटलं. तीन आठवड्यांत आठ किलो उतरला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. रोज अडीचला तो जिथे असेल तिथे उजवा हात पुढे करून बसायचा.

"ती थांबलीय, मम्मी," एकदा शांतपणे म्हणाला. "हात दुखत असेल तिचा."

मरिसा रडायची. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

चौथ्या शुक्रवारी मी टॅक्सी केली. ड्रायव्हर फाट्यापुढे येईना. बहात्तराव्या वर्षी मी तो चढ चालत गेले. बोराचं झाड वाळून खोड झालं होतं. पाट खडीने बुजला होता. चटई नाही, राख नाही. एका दगडावर ऑस्करचा फिंजान होता, काठोकाठ भरलेला. गरम.

"याचं राहिलेलं मी पिते," मी मोठ्याने अरबीत म्हटलं. "चूक माझी होती. तो सुटला."

प्याले. हलवला. हात पुढे करून उभी राहिले. घ्यायला कुणी आलं नाही. शेवटी फिंजान दगडावर ठेवून मी उतरले.

त्या संध्याकाळी ऑस्करने बोंबलाच्या कालवणाबरोबर भाताचं अर्धं पातेलं संपवलं. मरिसा पुन्हा रडली, पण वेगळं. मी आत जाऊन पिशवी उघडली. चष्म्याच्या डबीशेजारी फिंजान होता.

तो मी माझ्या कपाटात पालथा ठेवते. अडीचला उताणा होतो. किल्ली माझ्या गळ्यात, क्रुसाच्या दोऱ्यात असते. ऑस्करला कपाटाजवळ फिरकू देत नाही. इतके दिवस तो रिकामा निघायचा. आज तळाशी एक घोट होता. मी प्याले, नियमाप्रमाणे हलवला, आणि धरून बसले. कधीतरी घ्यावाच लागेल तिला.

ऑस्कर बाहेर सोफ्यावर घोरतोय. घोरू दे. अक्षर वाकडं आलंय, ते चालवून घ्या. हे मी डाव्या हाताने लिहितेय. उजवा पुढे धरलाय, आणि फिंजान हळूहळू जड होत चाललाय.