गाळलेल्या आठ ओव्या

स्मृतिसंशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर विद्याधर टिळेकर सात आठवडे निश्चल पडून होते. श्वास यंत्राचा होता. डोक्यावर प्रकाशवाचकाचं टोपडं, त्याची तार समोरच्या काळ्या पडद्याला. कानांवर घट्ट श्रवणक होते. त्यांच्या पत्नी शरयूताईंनी मेजावरची कळ दाबून म्हटलेलं तेवढंच आत पोहोचायचं, बाकी काही नाही.

आज एकविसावी, शेवटची चाचणी. पडदा आजही काळाच राहिला तर उद्या यंत्र बंद. शरयूताईंनी संमतीपत्रावर सकाळीच सही केली होती. त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

“ते टोचता ते औषध बघतं तरी काय हो?” पोथी उलगडताना त्यांनी विचारलं. एकवीस दिवसांत पहिल्यांदाच.

डॉ. मृण्मयी खानझोडे खुर्ची ओढून बसल्या. “औषध नाही काकू, प्रतिपिंड. मेंदूच्या पेशीत एक प्रथिन असतं, स्मृतिचालक. एरवी ते गप्प बसलेलं असतं. काही साठवून ठेवायचं ठरलं, की पेशी त्याला फॉस्फेटचा ठिपका लावते, मग ते जनुकं जागी करतं. आमचं प्रतिपिंड फक्त ठिपकेवाल्याला चिकटतं आणि चकाकतं. बिनठिपक्याच्याला ओळखही देत नाही.”

“म्हणजे आत्ता तुमचं ऐकताना माझं डोकं चकाकत असेल?”

“लख्ख! पण हा वरचा पंखा ऐकताय ना, त्यासाठी नाही. रोजचं कोण साठवत बसतं?”

“आणि यांचं?”

“वीस वेळा काळं.” डॉक्टरांचा आवाज उतरला. “म्हणून तर म्हटलं होतं, त्यांच्या सगळ्यात ओळखीचं वाचा.”

ओळखीचं म्हणजे हा पाठ. आंघोळ, दिवा, चाळीस ओव्या, मग चहा. एकतीस वर्षांचा नेम. विद्याधर देव मानत नसत. शेजारच्या खोलीत दाढी करत ऐकायचे. कुठे जीभ अडखळली, की तिकडून लगेच यायचं, “गाडी घसरली हो! आज देव नापास करणार!”

शरयूताईंनी कळ दाबली आणि वाचू लागल्या. आवाज सरळ, कोरडा. पंधरावी ओवी संपली आणि दोन पानं एकदम उलटली गेली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. चोविसावी सुरू झाली.

पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटला. मग पाच-सहा.

“थांबा!” डॉक्टरांनी जोडण्या तपासल्या. पडताळणीसाठी दुसरं प्रतिपिंड होतं, ठिपका असो-नसो, प्रथिनाला चिकटणारं. पडद्याच्या तळाशी त्याची रेघ होती तशीच सरळ होती. म्हणजे यंत्राचा दोष नव्हता, हिरवं खरं होतं. “काकू, पुन्हा म्हणा.”

शरयूताईंनी मागे जाऊन सगळं क्रमाने म्हटलं. काळं.

“मघाशी काय वेगळं केलंत?”

“चुकले होते. आठ ओव्या राहिल्या.”

“आता मुद्दाम चुका.”

“नेम आहे माझा, डॉक्टर.”

“काकू, चुका!”

त्या चौथीवरून तिसावीवर गेल्या. हिरवं.

डॉक्टरांनी पडदा पुन्हा निरखला. “आम्ही यांना एकवीस दिवस पंखा ऐकवला,” त्या म्हणाल्या. “पाठ आहे त्यांना सगळं. साठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ते ऐकतायत, काकू.”

“माझं चुकलं की मात्र बरोबर कळतं,” शरयूताई म्हणाल्या. “पहिल्यापासून असेच.”

“नवं काहीतरी सांगा. त्यांना माहीत नसलेलं. काहीही.”

शरयूताई विचार करू लागल्या. घरातलं सगळं विद्याधरांना ठाऊक होतं. सात आठवडे घर आणि ही खोली, याशिवाय काही घडलं नव्हतं. नवं असं एकच होतं. त्यांनी कळ दाबली.

“अहो, हे यंत्र बंद करायच्या कागदावर मी सकाळी सही केली.”

पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवा झाला.

डॉक्टरांनी घाईने फोन उचलला. उद्याचं रद्द करा, म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या.

“डॉक्टर, हे पुसता येतं?”

“नाही, काकू. ठिपका लागला. साठवलं त्यांनी.”

शरयूताईंनी मान हलवली. पोथीची पानं मागे घेतली, कळ दाबली, आणि सोळावीपासून तेविसावीपर्यंत राहिलेल्या ओव्या एकेक करून म्हटल्या. पडदा हळूहळू काळा झाला, रोजच्या पाठाला असायचा तसा.