तोंड बघता का, मुकादम?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय. गेल्या थंडीत, बर्फाळ डोंगरातल्या नदीवरच्या लोखंडी पुलावर. तेही भरदुपारी.

काका पुलाच्या डागडुजीवर मुकादम. तिथला एक रिवाज होता. वारा सुटला की जोडीदारांनी घडीघडी एकमेकांचं तोंड बघायचं. नाकावर, कानावर पांढरा डाग दिसला, म्हणजे कातडी गोठायला लागली, की काम टाकून खाली. बधिर झालेलं नाक आपलं आपल्याला कळत नाही ना.

काकांना हे सगळे नखरे वाटायचे.

त्या दिवशी त्यांचा जोडीदार लंबू म्हणाला, "मुकादम, आज नको. वारा हाडात शिरतोय."

काकांनी पुलाखालच्या कामगारांच्या खोलीमागच्या भिंतीवरचा तापमापक दाखवला. "पारा बघ. कालच्याएवढाच आहे."

"तो भिंतीआड आहे. त्याला वारा कुठं लागतोय?"

"मग काय, तोंड बघत बसू तुझं? मुलगी बघायला आलोय जणू."

सगळे हसले. लंबूही हसला आणि काकांच्या मागे निमूट वर चढला.

बाकीचे जेवायला गेले. थोड्या वेळाने वर काकांचेच दात वाजायला लागले. "आलोच," म्हणून ते एकटे खाली उतरले. खोलीत शेगडीपाशी बसले ते बसलेच.

दारावर टकटक...

"मुकादम, तोंड बघता का माझं?"

लंबूचाच आवाज. काकांनी मानही वर केली नाही. "काम उरकून ये."

पुन्हा टकटक... मग शांत.

मग तोच आवाज, अगदी कानाशी...

"बघा ना, मुकादम."

खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी आतून लावलेली होती.

काका धावले. लंबू वर कठड्याला टेकून बसला होता. नाक, कान, गाल... पांढरेफटक. डोळे खोलीच्या दाराकडे लागलेले.

डॉक्टर म्हणाले, गारठून गेला. जाऊन बराच वेळ झालाय.

लंबूच्या बायकोची गल्ली आली की काका लांबचा रस्ता धरतात. लाज वाटते म्हणतात. वाटायलाच हवी.

मागच्या आठवड्यात मी पुलावर गेलो होतो. काका एकेकाचं तोंड निरखत होते, कानटोप्या खाली ओढत होते. शेवटचा माणूसही बघून झाला.

त्याच्या पलीकडे कुणी नव्हतं...

काका तिथेही थांबले. उंच माणसाकडे बघावं तशी मान वर करून, बराच वेळ.

"पांढरं पडलंय रे," ते हळूच म्हणाले. "उतर आता."

वारा अजिबात नव्हता. मी माझं नाक चाचपलं...

बधिर होतं.