थडग्यांचे पट्टे

सर्व संतांच्या सणाआधी थडग्यांना चुना लावायचा आणि वरून ट्रकवरचा माल बांधायचे पट्टे आवळायचे, हा बायू मोरेल या दलदलीकाठच्या वस्तीचा रिवाज. चुना जुना, पट्टे अलीकडचे. लुइझियानाच्या या टोकाला थडगी जमिनीवर बांधतात, आणि वादळाचं पाणी चढलं की शवपेट्या तरंगत चालू पडतात. वादळाआधी मेलेल्यांना बांधून ठेवायचं, जिवंतांना हाकलायचं. दोन्ही कामं फादर अल्सीद थेरिओंच्या गळ्यात होती आणि दोन्हींचा त्यांना वीट आला होता.

वीट भिंतीतल्या बुरशीचा होता, चादरीलाही येणाऱ्या चिखलाच्या वासाचा होता, आणि बिशपच्या कचेरीतून आलेल्या ‘हवामानशोकात आशा’ या प्लॅस्टिकच्या कार्डांचाही होता. कार्डावर इंद्रधनुष्य होतं. मागच्या वादळानंतर त्यांनी एका बाईला ते दिलं, तर तिनं त्या कार्डानं फ्रीजच्या तळाची सडलेली कोळंबी खरवडून काढली. कार्डाचा तेवढाच उपयोग फादरांनी डोळ्यांनी पाहिला होता.

नवं वादळ शुक्रवारी धडकणार होतं. वस्तीत एकट्या म्हाताऱ्या यूलाली उरल्या होत्या.

“ओवीद इथं पडलाय तोवर मी हलत नाही,” त्या म्हणाल्या.

“यूलालीबाई, तुमचे यजमान देवाघरी विश्रांती घेताहेत.”

“ओवीद आणि विश्रांती? फादर झालास म्हणून काहीही सांगशील? तुझं शेंबडं नाक मी पुसलंय.”

न्यायला आलेल्या फादरांना त्यांनी दारातच बसवलं. राहिल्या तर बुडणार, हे दोघांनाही माहीत होतं.

फादर पट्टे तपासायला स्मशानात गेले. ऊन कोरडं होतं, जमिनीला भेगा पडल्या होत्या. वास मात्र फाटकापासूनच नाकात शिरला, गोडसर, चिकट. सगळ्या थडग्यांच्या तोंडच्या फरशा बाजूला ठेवलेल्या. आत एकही पेटी नव्हती. पट्टे कापलेले नव्हते. सोडवून, गुंडाळून पायऱ्यांवर ठेवले होते. तिथून ओला, गोगलगायीसारखा माग रस्त्याकडे आणि रस्त्यानं उत्तरेला गेला होता.

चोर म्हणावं, तर कुजलेल्या शवपेट्या कोण चोरणार?

सांगावं की नाही, यावर त्यांनी बराच विचार केला. शेवटी ओवीदचा पट्टा रुमालात धरून ते यूलालींच्या दारी गेले.

यूलालींनी तो उलटसुलट करून पाहिला.

“डावा पीळ. जन्मभर जाळ्याची दोरी अशीच गुंडाळली त्यानं.” त्यांनी बोटांना लागलेलं काहीतरी फडक्याला पुसलं. “निघाला मेला. मला न सांगता.”

मग म्हणाल्या, “गाडी काढ.”

हमरस्त्याच्या कडेनं पेट्या एका रांगेत पडल्या होत्या. प्रत्येकीचं तोंड उत्तरेला, प्रत्येकीवर माश्या. थेट पाहिलं की एकही हलत नसे. मागं टाकून आरशात पाहिलं, की दोन पेट्यांमधलं अंतर बदललेलं असे.

“ती ऑर्तान्स,” यूलाली म्हणाल्या. “बघ, इथंही दुसऱ्याच्या पुढं घुसलीय.”

“आणि ओवीद?”

“पुढं असेल. त्याला गर्दी खपत नाही.”

फादरांनी काच वर केली. वास आतच राहिला.

निवारा बराच उत्तरेला, उंचावरच्या गावात, शाळेच्या व्यायामशाळेत होता. स्वयंसेविकेनं अभिमानानं सांगितलं, “इथं पाणी कधी आलं नाही आणि येणारही नाही.” फादरांनी यूलालींना खिडकीजवळची खाट मिळवून दिली. “आता तुम्ही सुखरूप आहात,” ते म्हणाले. कित्येक वर्षांत स्वतःला पटलेलं असं हे त्यांचं पहिलं वाक्य.

यूलालींनी बूट काढले नाहीत.

सकाळी त्या खिडकीशी उभ्या दिसल्या.

“ये इकडं.”

रस्त्यापलीकडे त्या गावाचं स्मशान होतं. इथली माणसं मेलेल्यांना जमिनीत पुरतात. हिरवळीच्या वळकट्या करून प्रत्येक खड्ड्याशेजारी ठेवल्या होत्या. खड्डे रिकामे.

गवत कापणारा माणूस यंत्रावर बसून, एकेका खड्ड्याला वळसा घालत, निमूटपणे गवत कापत होता.

ओला माग टेकडी चढून पलीकडे गेला होता.