वाकडा चर

"चर सापडला नाही," टिकोजी म्हणाला, आणि एवढ्या मोठ्या मैदानात आजोबा एकदम लहानसे दिसायला लागले.

टिकोजी म्हणजे आमचा उडता रोबो. आकार ताटाएवढा, तोरा मात्र अख्ख्या भुसावळएवढा! १९७१च्या युद्धात याच मैदानात चर खणला होता, शत्रूची विमानं आल्याचा भोंगा वाजला की पोरं त्यात उतरायची, असं आजोबा सांगतात. पण हल्ली आजोबा खूप विसरतात. त्यामुळे बाबांना वाटतं, चर फक्त त्यांच्या डोक्यातच आहे. आजोबांनाही आता तसंच वाटायला लागलंय, आणि मला नेमकं तेच नको होतं.

"पण तू शोधतोस कसा?" मी टिकोजीला विचारलं.

"औष्णिक कॅमेऱ्याने (उष्णता पाहणाऱ्या डोळ्याने). खणून बुजवलेली माती भुसभुशीत राहते. पावसाळ्यात तिच्यात जास्त पाणी मुरतं. उन्हात त्या पाण्याची वाफ होते आणि ती मातीतली उष्णता घेऊन जाते. माठ असाच गार होतो. म्हणजे चराची जागा गार दिसायला हवी. पण इथे गार असा सरळ पट्टाच नाही."

"सरळ?" आजोबांनी मान वर केली. "सरळ कोण खणेल, टिकोजीराव? आम्हाला काय उसाला पाणी द्यायचं होतं?"

काठीने त्यांनी मातीत वळणावळणाची रेघ ओढली.

"हे बघ मृणाल. बॉम्ब फुटला की लोखंडाचे तुकडे सुसाट सुटतात. त्यांना वळता येत नाही. सरळ चरात एक बॉम्ब पडला तर सगळेच गेले. पण कोपरा असला की तुकडे मातीत घुसतात आणि पलीकडची पोरं वाचतात. आघातलहर (स्फोटाने ढकललेली हवेची लाट) वळते, पण कोपऱ्यांवर आपटून तिचाही जोर कमी होतो."

टिकोजी खाली येऊन त्या रेघेवर घोंघावला.

"वाकड्या रेघा मी झाडांची मुळं समजून चित्रातून पुसल्या."

"मग परत काढ ना, शहाण्या."

माझ्या हातातल्या पडद्यावर लालभडक मैदान उमटलं. त्यातून एक निळी रेघ वळत, वाकत, पुन्हा वळत गेली होती. मी ओरडणार होते, पण आमच्या मागे उभे असलेले बाबा आधी बोलले.

"बाबा, तुम्ही कुठल्या कोपऱ्यात बसायचे?"

पडद्याकडे न बघताच आजोबा चालत गेले आणि एका जागी थांबले. निळ्या रेघेच्या बरोब्बर वळणावर.

"इथे. माझी मोठी बहीण, सुमनताई, माझे दोन्ही कान घट्ट दाबून धरायची," ते म्हणाले. "तिचे स्वतःचे मात्र उघडेच राहायचे."

बाबा त्यांच्याशेजारी मातीत मांडी घालून बसले. "सगळं सांगा," म्हणाले. "सुरुवातीपासून."

मी ठरवलंय, या रेघेवर झेंडू लावायचे. लहान पोरं त्या वळणांमधून पळतील, रेघ वाकडी का म्हणून विचारतील, आणि मी सांगेन. तोवर जगात कुठेच कुणाला कुणाचे कान झाकावे लागत नसतील.