ब्लास्टिंग शेडमधला तेग्योम

शेडचं दार उघडलं आणि धुळीच्या ढगातून एक माणूस थेट माझ्या अंगावर आदळला. डोक्यावर जाड टोप, पाठीमागे हवेची नळी, काचेआडचा चेहरा दिसेना.

"अहो, जरा बघून चाला!"

"बघतच होतो मॅडम... म्हणून तर धडकलो!"

हा तेग्योम. कोरियातल्या कोजे बेटावरच्या आमच्या गोदीत नवा आलेला. जोरदार हवेतून लोखंडी कणांचा मारा करून जहाजाच्या पत्र्यांवरचा गंज काढणं, हे त्याचं काम. पत्रा लख्ख झालाय की नाही, हे मी तपासायचं. मी 'हो' म्हटलं, की मगच रंग.

"त्या कोपऱ्यात गंज राहिलाय."

"मुद्दाम ठेवलाय. नाहीतर तुम्ही एका फेरीतच पसार!"

मी मास्कआड हसले.

"हसलात ना? डोळे चुगली करतात, बोरा मॅडम."

जेवणाच्या सुट्टीत तो टोप काढून समोर बसायचा. कपाळावर टोपाचा लाल वळ, भुवयांत करडी धूळ... आणि माझं सूप गार व्हायचं.

त्या दुपारी पाऊस कोसळत होता. अचानक भोंगा वाजला. कुणीतरी ओरडलं, "नळी सुटली! नव्या पोराला लागलं!"

मी छत्री टाकून धावले. शेडबाहेर सगळे सारख्याच टोपांत. एकेकाच्या काचेत डोकावत सुटले. हा नाही... हाही नाही...

"मॅडम, कुणाला शोधताय?"

मागे तेग्योम उभा होता. धडधाकट! हातात टोप, केसांतून पाणी निथळतंय.

"टोपामुळे ओळखण्यात गफलत झाली. लागलं ते आमच्या शेडमधल्या प्योकाकांना. पायाला खरचटलंय फक्त. ॲम्ब्युलन्समध्ये बसून सिगरेट मागतायत."

मी त्याच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या.

"अहो... रडताय?"

"मला वाटलं, तू... तुला काही झालं असतं तर मी—"

तो हळूच म्हणाला, "तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"म्हणाले. आता कायम तूच म्हणणार. चालेल?"

"चालेल?" त्याने माझे गार हात आपल्या हातांत घेतले. "धावेल!"

छप्पर दोन पावलांवर होतं. आम्ही मात्र तिथेच भिजत उभे... आणि कितीतरी वेळाने मी मोकळा श्वास घेतला.