बुलेटीत जवसाचं तेल

अर्जुनी मोरगावचं रेल्वे फाटक एकदा बंद झालं की झालं. गाडी येईल तेव्हा येईल, तोवर माणसांनी एकमेकांची तोंडं पाहत उभं राहायचं. कार्तिकातल्या त्या रविवारी दीप्ती बाबांच्या जुन्या बुलेटवर मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती. मांडीवर शिवून झालेल्या ब्लाउजांची पिशवी, आणि समोर सायकल धरून उभा असलेला एक पोरगा. नवी कोरी राखाडी पँट, तुरळक मिशी, हसरे डोळे. पाहण्यासारखा होता बरं का, खोटं कशाला बोला!

तेवढ्यात बाबांनी, म्हणजे भोजराज गुरुजींनी, गाडी रेस केली. इंजिनाच्या डाव्या झाकणाचं बूच टप्पकन उडालं आणि तेलाची चिळकांडी थेट त्या नव्या पँटीवर.

"माय वो!" दीप्ती ओरडलीच.

दुसरा कोणी असता तर शिव्या दिल्या असत्या. यानं डागावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "आजच टाकलं ना गुरुजी? वास ताजा आहे."

"तुले कसं समजलं?"

"चार वर्सं गोंदियाले हेच तं हुंगून राहिलो गॅरेजात." मग दीप्तीकडे पाहून, हळूच – "रॉकेलनं निघते हा डाग. घाबरू नका."

"मी कायले घाबरू? पँट तुमची आहे."

तो हसला... आणि गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, तरी दीप्तीला पिशवी घट्ट धरायचं भान राहिलं नाही.

पोरगा अश्विन. धुरपताबाई अंगणवाडीवाल्यांचा भाचा. गोंदियाचं काम सोडून आला होता, आणि तीन आठवड्यांनी, सोमवारी, पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजात कामाला जायला निघायचं होतं. हे सगळं दीप्तीनं तिसऱ्या दिवशीच काढून घेतलं, कारण तिसऱ्या दिवशी अश्विन त्यांच्या अंगणात होता.

त्याला कारण अल्काबाई, दीप्तीची आई. बुलेट जिथं उभी राहील तिथं तेल गाळायची आणि सारवलेल्या अंगणावर रोज काळा ठिपका. "एक तं थे फटफटी राहील, नाही तं मी," असं तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं. अश्विननं उपाय काढला. इंजिनाकडून क्लचकडे जाणारी चेन डाव्या झाकणात तेलात भिजून फिरते. ती काढायची आणि तिथं दातेरी पट्टा बसवायचा. पट्ट्याला तेल लागतच नाही, मग गळणार काय?

"पट्टा?" दीप्ती दारातून म्हणाली. "माह्या शिलाई मशीनीलेही पट्टाच आहे. त्यात काय मोठं?"

"मंग या ना शिकवाले," अश्विन म्हणाला. "मी तं अजून शिकूनच राहिलो."

अल्काबाईंनी आतून पातेलं आपटलं. पण दीप्तीनं मशीन उचलून ओसरीवर आणलीच, उजेड चांगला येतो म्हणून.

झाकण एकाच मोठ्या नटानं धरलेलं, ते निघायला पूर्ण दुपार लागली. दुसऱ्या दिवशी जुनी चेन निघाली. तिसऱ्या दिवशी त्यानं नुसतं धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. चौथ्या दिवशी झाकणातली, पट्ट्याची पुढची-मागची दोन्ही दातेरी चाकं एका रेषेत आली का ते पाहायला त्यानं दीप्तीची कापड मापायची लाकडी पट्टी मागितली. पट्टीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं तिनं. मध्ये बुलेट. धानाच्या कापणीचा सुका वास सगळीकडे, आणि त्याच्या कपाळावर काळी रेघ, जी पुसावी असं तिला फार वाटत होतं. हात पुढे झालाच नाही.

"हालू नका," तो म्हणाला.

"तुमीच हालून राहिले."

"हो... मीच."

पट्टा चढवला तेव्हा त्यानं अंगठ्यानं दाबून दाखवला. "पाहा, थोडा ढिला ठेवा लागते. इंजिन तापलं का आपसूक आवळते. थंडा असतानाच आवळला तं तुटून जाईल."

"आणि माणसाचं?"

"माणसाचं काम मी केलं नाही अजून," तो म्हणाला आणि पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

आठ दिवसांनी बुलेट सुरू झाली. जुनी खडखड गेली, नुसता धडधड आवाज राहिला. अश्विननं गुरुजींना तीनदा बजावलं, "आता ह्या झाकणात तेल टाकाचं नाही. एक थेंब नाही. क्लच घसरंल." आणि सायकल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मशीन होती, उजेड होता, पण दीप्तीचं चित्त कुठं! एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. थोड्याच दिवसांत तो जाणार आणि आपण काहीच बोललो नाही, हे सुईसारखं टोचत होतं. बोलायचं तरी काय सबब काढून? गाडी झाली, काम संपलं.

आणि मग गुरुजीच मदतीला धावून आले, नकळत. तीस वर्षं रविवारी सकाळी विहारात जायच्या आधी त्या झाकणात तेल टाकायचं, हा त्यांचा नेम. त्या रविवारीही हात आपसूक गेला. चौकापर्यंत पोचले, तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढं सरकत नाही.

अश्विन आला. "जयभीम गुरुजी. टाकलं ना?" गुरुजींनी मान खाली घातली. त्यानं झाकण उघडलं, सगळं पेट्रोलनं धुतलं. तासभर. त्या तासभरात दीप्तीनं तीनदा चहा विचारला. आणि जाताना तो म्हणाला, "आता आठच दिवस हावो मी. सांभाळून चालवा."

आठचे सात झाले, सातचे चार. गुरुवारी दुपारी आई धान पाहायला शेतावर गेली, बाबा झोपले, आणि दीप्ती स्वयंपाकघरातून एक बाटली घेऊन अंगणात आली.

शुक्रवारी क्लच पुन्हा घसरला.

"मी टाकलं नाही रे बाबू, बुद्धाशपथ!" गुरुजी अश्विनला म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. अश्विननं नट काढला, झाकण ओढलं... आणि अंगणभर असा वास सुटला की कोंबडीसुद्धा थबकली. जवसाचं तेल! वड्या तळतात ते.

त्यानं बोट बुडवलं, हुंगलं. मग वर पाहिलं. ओसरीवर मशीनचं चाक थांबलं होतं.

"बुलेटले फोडणी कोणं देल्ली?"

दीप्तीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "...घरात दुसरं तेलच नव्हतं."

"पण काऊन? कायले टाकलं?"

तिनं कात्री उचलली आणि ब्लाउजाचे दोरे कापू लागली. तो काही रागावला नाही. क्लचची एकेक चकती काढून पुसत राहिला, सगळं जिथल्या तिथं बसवलं. शेवटी झाकणाचं बूच घेतलं, त्याला चिकटणारा मसाला लावला आणि दाबून कायमचं बंद करून टाकलं.

"हे काय केलं?"

"तेल टाकाची जागाच बंद केली," तो हळू आवाजात म्हणाला. "आता तुले तोंडानंच सांगा लागंल, दीप्ती."

पहिल्यांदा 'तू'. आणि पहिल्यांदा नाव. तिच्या हातातली कात्री खाली पडली.

"जाऊ नको," ती म्हणाली. "मले करमणार नाही. तू गेल्यापासून... अजून गेलाही नाही, तरी करमत नाही. बस, सांगितलं."

अश्विननं पाना खाली ठेवला, हात पुसले. मग म्हणाला, "हा पट्टा बसवाचं काम एका दुपारचं होतं."

"मंग आठ दिवस?"

"तूच समज ना..." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "जा तं लागंल. शब्द देल्ला आहे. सा महिने. मंग अर्जुनीले माहं सोताचं गॅरेज. थांबशील?"

"थांबीन," दीप्ती म्हणाली. "पण ढिलं नको सोडू."

सोमवारी सकाळी गुरुजींना अचानक पोस्टात काम निघालं आणि दीप्तीला दोरे आणायचे होते. फाटक बंद. गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर धडधडत आली, आणि डब्याच्या दारात तो उभा होता, राखाडी पँट घालून. गुडघ्यावरचा तो डाग तसाच. रॉकेलनं निघत असूनही तसाच. त्यानं डागावर हात ठेवला आणि तिच्याकडे पाहत राहिला, डबा वळणाआड जाईपर्यंत.

दीप्तीला रडू आवरेना. बाबांच्या पाठीमागूनच ती म्हणाली, "बाबा, थे जवसाचं तेल मीच टाकलं होतं."

"माहीत आहे," गुरुजी समोर पाहत म्हणाले. "तुही माय शुक्रवारपासून बाटली शोधून राहिली."

फाटक उघडलं. गुरुजींनी किक मारली. बुलेटखाली एक थेंबही नव्हता.

"सा महिने म्हणते ना तो पोट्टा?"

"...हो."

"मंग रडते कायले? नीट धरून बस."