अकरा सेकंदांचा व्हिडिओ

शुक्रवारी सकाळी फोन वाजला तेव्हा पल्लवी गॅससमोर उभी होती आणि दूध उतू जात होतं. तिला ते दिसत होतं. गॅस बंद करायचा असतो हेही ठाऊक होतं. शेवटी निकितानं, तिच्याच शाळेत दहावीला असलेल्या मुलीनं, गॅस बंद केला, आईच्या फोनचं कुलूप उघडलं आणि तो तिच्या कानाला लावला.

"पल्लवीबाई, कालचा व्हिडिओ पाहिलात?" मुख्याध्यापिका सगुणाबाई विचारत होत्या. अख्खी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते.

"नाही."

"मग लगेच या. रंगनाथ सर आज आले नाहीत. पुन्हा येणारच नाही म्हणतात."

चार महिन्यांपूर्वी नवरा गेल्यापासून पल्लवीचं असं झालं होतं. दिसायचं, ऐकू यायचं, आत काही पोचायचं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल जसा होतो, तशी ती सगळीच झाली होती. शाळेत ती कॉम्प्युटर शिकवायची. शिकवताना तोंड चालायचं, त्यामुळे कुणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं.

पेठ रोडवरच्या त्या शाळेत मोठ्या बाईंनी तिच्यापुढे व्हिडिओ लावला. शाळेच्या ॲपवर, दहावीच्या पानावर तो कुणीतरी टाकला होता. वाचनालयाच्या खुर्चीत रंगनाथ सर झोपलेले, तोंड उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला, मागच्या फळ्यावर गुरुवारची तारीख. खाली ओळ होती, 'सर झोपले, पगार जागा.' अकरा सेकंद. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाला घरी बसवायला तेवढे पुरले. सरांची बायको अंथरुणाला खिळलेली होती आणि रात्रभर तेच तिच्या उशाशी असायचे, हे मात्र व्हिडिओत कुठं नव्हतं.

"कुणी टाकला?"

"तृप्तीच्या खात्यावरून आलाय. गुरुवारी, मधल्या सुट्टीत, एक वाजून सहा मिनिटांनी."

तृप्ती पेठकडची. शाळेच्या वसतिगृहात राहायची. आईबाप दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला, बाग संपली की दुसरी बाग. तिच्या वाडीतली ती पहिली मुलगी दहावीला बसणार होती. दर शनिवारी शाळा सुटल्यावर पल्लवी थांबून तिला गणित शिकवायची.

"नियम सात," मोठ्या बाई म्हणाल्या. "परवानगीशिवाय कुणाचं चित्रण करून पसरवलं तर शाळेतून नाव कमी. तुम्हीच लिहिलाय. तिच्या वडिलांना मुकादमाकरवी निरोप धाडलाय. उद्या दहाला दाखला हातात देणार. वसतिगृहही सुटेल."

"म्हणजे दहावीही."

"त्याला मी काय करू? संस्थेचे लोक माझ्या डोक्यावर बसलेत."

जूनमध्ये पल्लवीनं तंत्रज्ञान जबाबदारीनं वापरण्याचे बारा नियम केले होते. निकितानं ते घरी हौसेनं टाईप केले, रंगीत चौकट घातली. लॅमिनेशन होऊन ते प्रत्येक वर्गात लागले. मुलांनी त्यांच्यावर पाठ टेकायची जागा म्हणून प्रेम केलं.

"आणखी एक," मोठ्या बाई चष्मा काढून म्हणाल्या. "त्या वेळी तृप्ती लॅबमध्ये टॅब घेऊन बसली होती. तुमची तिथं ड्युटी होती. तुम्ही काय पाहिलंत?"

पल्लवीनं आठवून पाहिलं. खिडकी आठवली. खिडकीबाहेरची पाण्याची टाकी आठवली.

"काही नाही," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी शोध घ्यायला उद्यापर्यंतची मुदत दिली. ती कर्तव्य म्हणून दिली होती, आशा म्हणून नव्हे.

पल्लवीनं आधी दहावीतल्या सनीला बोलावलं. बुधवारी रंगनाथ सरांनी त्याला सगळ्या वर्गासमोर झापलं होतं, त्यामुळे अर्ध्या शाळेचा संशय त्याच्यावर होता.

"व्हिडिओ तू काढलास?"

"बाई, कशानं काढू? माझा फोन हिरामणमामांच्या कपाटात असतो."

"टॅबनं."

"टॅबच्या कॅमेऱ्याला तुम्हीच चिकटपट्टी लावलीय ना. सगळ्या वीसच्या वीस. आम्ही नखानं काढून पाहिली, निघत नाही." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. "म्हणजे, एकदाच पाहिली."

शिपाई हिरामण कपाटाची किल्ली कमरेला बांधून फिरायचा. शाळेत आल्यावर मुलांचे फोन गोळा करून तो प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला द्यायचा.

"गुरुवारी मधल्या सुट्टीत कपाट उघडलं होतं का, मामा?"

"नाय बाई. एकोणतीस फोन आले, सुटताना एकोणतीस गेले. मधे किल्लीला हात नाय लागला."

"कुणी चोरून दुसरा फोन आणला असेल तर?"

"मागच्या आठवड्यापासून दप्तरं तपासतोय. मोठ्या बाईंचा हुकूम. गुरुवारी चिंचा सापडल्या, फोन नाय."

लॅबमध्ये येऊन तिनं टॅब तपासले. वीसही चिकटपट्ट्या जागेवर होत्या. म्हणजे व्हिडिओ टॅबनं काढलेला नव्हता, मुलांच्या फोननंही नव्हता. मग उरले शिक्षकांचे फोन. ते कुणी कपाटात ठेवत नव्हतं, कारण नियम मुलांसाठी होते.

वसतिगृहाच्या पायरीवर तृप्ती बसली होती. शेजारी पत्र्याची पेटी भरून ठेवलेली.

"व्हिडिओ तू टाकलास?"

"नाय."

"तेव्हा तू ॲपवर काय करत होतीस?"

"भूगोलाचा धडा वाचत होते. मधीच पान बंद झालं. पासवर्ड घालते तर चूक दाखवी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तृप्तीनं तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं ना बाई. तुमच्या टेबलापाशी येऊन सांगितलं. तुम्ही म्हणाल्या, नंतर बघू."

पल्लवीला आठवेना. आपण असं म्हणालो असू, याबद्दल मात्र तिला शंका नव्हती. ती हल्ली सगळ्यांना तेच म्हणायची.

स्टाफरूममध्ये येऊन तिनं ॲपच्या नोंदी उघडल्या. हे काम कालच करायला हवं होतं. तृप्तीच्या नावापुढे दोन ओळी होत्या. एक वाजून दोन मिनिटांनी पासवर्ड बदलला. एक वाजून सहा मिनिटांनी व्हिडिओ टाकला.

जिला आपला पासवर्ड पाठ आहे ती तो कशाला बदलेल? आणि बदलायचा तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो हवा. तृप्तीच्या नावापुढे कुणाचा मोबाइल होता?

नंबर वाचायला पल्लवीला वेळ लागला नाही. तो तिचाच होता. जूनमध्ये यादी भरताना वसतिगृहातल्या पाच मुलींचा रकाना रिकामा राहत होता आणि ॲप रिकामा रकाना घेत नव्हतं. डोंगरातली माणसं, बागांवर हिंडणारी, त्यांच्याकडे कुठला फोन, म्हणून तिनं पाचही ठिकाणी स्वतःचा नंबर टाकून दिला होता.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. निकिता रोजच्यासारखी आत आली, आईच्या पिशवीतून आपला डबा काढला आणि गेली. दोघींचे डबे एकाच पिशवीत असायचे. गुरुवारी पल्लवी लॅबवर होती, तरी पिशवी इथंच खुर्चीला लटकलेली होती. फोनही त्याच पिशवीत होता.

पल्लवीनं फोन काढला आणि मेसेज उघडले. चार महिन्यांत तिनं एकही वाचला नव्हता. विम्याचे, गॅसचे, सांत्वनाचे. न वाचलेला मेसेज ठळक दिसतो, त्यामुळे सगळा पडदा काळाकुट्ट होता. ती खाली सरकत गेली. गुरुवार, एक वाजून एक मिनिट. सहा आकडी ओटीपी.

तेवढा एकच फिका होता. तो कुणीतरी उघडून वाचला होता.

फोनला कुलूप होतं. त्याचे आकडे आता दोघींनाच ठाऊक होते.

पल्लवीनं फोन पिशवीत ठेवला आणि डबा उघडून पोळीभाजी खाल्ली. चव लागली नाही, पण ती तर रोजच लागत नव्हती. घरी गेल्यावर ती निकिताला काही बोलली नाही. निकिताही बोलली नाही. त्यांच्या घरात यात वेगळं काही नव्हतं.

शनिवारी दहाला मोठ्या बाईंच्या खोलीत तृप्तीशेजारी तिचे वडील सहादू उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुद्दाम बोलावून घेतलेले रंगनाथ सर कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. दाखला टेबलावर तयार होता, फक्त सही राहिली होती.

"मॅडम, पोर म्हनते तिनं केलं नाय," सहादू म्हणाले. "ती खोटं नाय बोलत."

"तिनं केलेलं नाही," पल्लवी म्हणाली. "मोठ्या बाई, निकितालाही बोलवा."

निकिता येऊन दाराशी उभी राहिली. पल्लवी वर्गात बोलायची त्याच सपाट आवाजात बोलू लागली.

"टॅबचे कॅमेरे बंद आहेत. मुलांचे फोन कपाटात होते. म्हणजे व्हिडिओ शिक्षकाच्या फोननं काढला. तृप्तीचा पासवर्ड बाहेरून कुणीतरी बदलला, म्हणून तिचं पान बंद पडलं. तिनं मला त्याच क्षणी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पासवर्ड बदलायला ओटीपी लागतो. तो माझ्या फोनवर आला, कारण तिच्या नावापुढे मी माझा नंबर टाकला होता. पालकांकडे फोन नसतो, म्हणून."

"फोन हाय ना बाई," सहादू खिशाकडे हात नेत हळूच म्हणाले. "दोन वरसं झाली. कुनी इचारलंच नाय."

पल्लवी सहादूंकडे वळली.

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "चूक माझी. तर माझा फोन त्या वेळी माझ्या पिशवीत होता. त्या पिशवीत मधल्या सुट्टीत रोज एकच हात जातो, डबा घ्यायला. कुलुपाचे आकडेही त्याच हाताला ठाऊक आहेत. पाच मुलींपुढे माझा नंबर आहे हे त्या हाताला माहीत होतं का, तेवढं मला कळत नव्हतं. काल आठवलं. ती यादी मी सांगत होते आणि निकिता टाईप करत होती."

सगळे दाराकडे वळले.

"निकिता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो," निकिता म्हणाली. "सर वाचनालयात झोपतात ते मला माहीत होतं. व्हिडिओ काढला, टाकला, फोनमधून पुसला."

"ओटीपीचा मेसेज का नाही पुसलास?" पल्लवीनं विचारलं.

"तू कुठं बघतेस मेसेज?"

"सरांनी तुझं काय केलं होतं?"

"काही नाही. मला नियम सात हवा होता. त्यानंच नाव कमी होतं. दुसऱ्या कशानं होत नाही, सगळे मीच टाईप केलेत." तिचा आवाज आईसारखाच सपाट होता. "तू दर शनिवारी हिच्याजवळ बसून गणितं सोडवतेस. हिचं चुकलं तर पुन्हा सांगतेस. घरी तू माझ्याशी चार महिन्यांत बोललेलीच नाहीस. ही गेली असती तर शनिवारी तू घरी असतीस."

तृप्ती जमिनीकडे पाहत होती. रंगनाथ सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

मोठ्या बाईंनी तृप्तीचा दाखला उभा फाडला. मग पल्लवीकडे वळल्या. "आता तुमच्या मुलीचं काय करू? सर, तुम्ही सांगा."

"मला कुणाची शाळा सोडवायची नाही," सर म्हणाले.

"नियमात तशी सवलत नाही," पल्लवी म्हणाली. "तृप्तीला जे देणार होता, तेच निकिताला द्या. दहावीला बाहेरून बसेल. अर्ज मी लिहिते."

मोठ्या बाईंनी कोरा दाखला काढला. पालकाच्या सहीच्या जागी पल्लवीनं स्वच्छ अक्षरात सही केली.

फाटकाबाहेर दोघी रिक्षाची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"आई, रागाव ना," निकिता म्हणाली. "बाबा गेल्यापासून तू एकदाही रागावली नाहीस. मला वाटलं होतं, आज तरी रागावशील."

पल्लवीनं राग शोधला. तो नव्हता. पण निकिताच्या हनुवटीचं थरथरणं तिला दिसलं आणि या वेळी ते नुसतं दिसून थांबलं नाही. छातीत कुठंतरी, आजवर सुन्न पडलेल्या जागी, सरळ आणि जोरात दुखलं. तिनं मुलीचा दंड धरला. समोर रिक्षा येऊन थांबली, पण ती बसली नाही.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. मी ऐकतेय."